पार्श्वभूमी : बेबी लॅबमधली माणसं आणि त्यांची कामं कुठून आली

बेबी लॅब म्हणजे बाळांच्या मेंदूचा आणि वाढीचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा. तिथे सहा महिन्यांच्या बाळाच्या मेंदूचं पाच-सात मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्यायला किमान चार माणसं लागतात. एक आईशी बोलते आणि संमतीचा फॉर्म समजावते. दुसरी बाळाच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी टिपणाऱ्या छोट्या सेन्सरची जाळी बसवते. तिसरा पलीकडच्या खोलीत स्क्रीनसमोर असतो. चौथी व्यक्ती त्या दिवशी तिथे नसतेच. बाळ नेमकं कुठे बघत होतं, हे ती नंतर व्हिडिओ बघून नोंदवते. ही कामं कुणी आधी ठरवून वाटून दिलेली नाहीत. आधीच्या पद्धतीत कुठे तरी चूक सापडली आणि ती टाळण्यासाठी एकेक माणूस वाढत गेला.

सुरुवात घरातून झाली. डार्विनने आपल्या मुलाच्या नोंदी 1877 मध्ये छापल्या. 1882 मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म प्रायर यांचं पुस्तक आलं, तेही स्वतःच्या मुलावरच. कॅलिफोर्नियात मिलिसेंट शिन यांनी भाचीच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या आणि 1898 मध्ये डॉक्टरेट मिळवली. बर्कलीत ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. या काळात निरीक्षक, परीक्षक आणि घरचं माणूस एकच असायचं. त्यामुळे बारकावे भरपूर मिळत, पण बाळ एकच. शिवाय आपल्या माणसाला आपलं बाळ हसलेलं लवकर दिसतं. दोन घरांतल्या नोंदी ताडून बघायला कुठलंच समान माप नव्हतं.

ते माप दोन वाटांनी आलं. येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल यांनी 1911 मध्ये क्लिनिक सुरू केलं. पुढे त्यांनी घुमटासारखी एक खोली बांधली. आत बाळ, घुमटावर फिरणारे कॅमेरे आणि बाहेरच्यांना आतलं दिसेल पण आतून बाहेरचं दिसणार नाही असा पडदा. इथे निरीक्षक बाळापासून पहिल्यांदा वेगळा झाला. चित्रफीत चौकट-चौकट थांबवून हाताची हालचाल नोंदवणं हे स्वतंत्र काम बनलं. लुईस बेट्स एम्स यांनी ते वर्षानुवर्षं केलं. आजचा व्हिडिओ कोडर, म्हणजे व्हिडिओ बघून नोंद करणारी ती चौथी व्यक्ती, थेट त्यांच्या परंपरेतला.

दुसरी वाट चाचणीची. नॅन्सी बेली यांनी 1928 मध्ये बर्कलीत मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यातून वाढलेल्या चाचण्या 1969 मध्ये प्रसिद्ध झाल्या. भारतीय बाळांसाठी त्या बडोद्यात प्रमिला फाटक यांनी बसवल्या. आज आपल्या विकास-चिकित्सालयांत ‘डीएएसआयआय’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी ती हीच. 1997 च्या सुधारित आवृत्तीत हालचालींचे 67 आणि बौद्धिक विकासाचे 163 घटक, म्हणजे बाळाला जमतात का ते बघायच्या छोट्या कृती, आहेत. ती अडीच वर्षांपर्यंत वापरता येते. बडोद्यात बसवलेल्या याच मानकांतून 17 घटक निवडून केरळात त्रिवेंद्रम चार्ट हा बाळाची वाढ झटपट तपासण्याचा तक्ता तयार झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1987 ते 1989 या काळात जन्मलेल्या, 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा 18 वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. डॉ. सुधा चौधरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासामुळे महाराष्ट्राला या क्षेत्रात मानाचं स्थान मिळालं.

चाचणी घेणाऱ्या व्यक्तीचं कौशल्य बाहेरून दिसत नाही. चाचणीच्या पेटीतला एक ठोकळा हरवला आणि बाजारातून थोडा मोठा आणून ठेवला, तर पकडीचा घटक बिघडतो. मांडीवर घेऊन बसलेली आजी “दे ना सोन्या, दाखव त्यांना” म्हणत बाळाचा हात पुढे करते. मग तो घटक धरता येत नाही, आणि आजीला न दुखावता हे सांगावं लागतं. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी चाचणीसाठी ते चार महिन्यांचं धरायचं. ही वजाबाकी साधारण दोन वर्षांपर्यंत करतात. ती राहून गेली, तर चांगल्या बाळावर ‘मागे पडलं’ असा शिक्का बसतो. लांबलेल्या अभ्यासात आणखी एक माणूस लागतो. घर बदललेलं कुटुंब शोधून त्याला पुन्हा बोलावणारा. तो नसेल तर स्थिरस्थावर घरांतलीच मुलं उरतात आणि निष्कर्ष एकांगी होतो.

बाळ बोलत नाही, पण बघतं. याचा पद्धतशीर उपयोग रॉबर्ट फँट्झ यांनी 1958 च्या सुमारास केला. बाळाला छोट्या कक्षात झोपवायचं, वर दोन आकृत्या लावायच्या आणि लहान भोकातून बाळाच्या डोळ्यात कुठल्या आकृतीचं प्रतिबिंब पडलंय ते बघत वेळ मोजायचा. 1963 मध्ये त्यांनी दाखवलं की पाच दिवसांच्या आतली बाळंसुद्धा कोऱ्या पृष्ठभागापेक्षा नक्षीकडे जास्त वेळ बघतात. अडचण होती भोकाशी बसलेल्या माणसाची. आकृती कुठल्या बाजूला आहे हे त्याला माहीत असेल, तर त्याच्या नकळत मोजणी त्या बाजूला झुकते. वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिडा टेलर यांनी 1970 च्या दशकात यावर तोडगा काढला. पट्ट्यांचं चित्र डावीकडे आहे की उजवीकडे, हे निरीक्षकाला सांगायचंच नाही. बाळाकडे बघून त्यानेच ते ओळखायचं. त्याचं उत्तर वारंवार बरोबर आलं, तर बाळाला पट्ट्या दिसतात हे सिद्ध झालं. या क्षेत्रातली सगळ्यात देखणी युक्ती मला हीच वाटते. ‘ब्लाइंड कोडर’, म्हणजे बाळाला काय आणि कुठे दाखवलं हे माहीत नसताना नोंद करणारा, हे पद याच विचारातलं. आज व्हिडिओचा आवाज बंद करून कोडिंग होतं, काही भाग दुसरा कोडर स्वतंत्रपणे नोंदवतो आणि दोघांची नोंद जुळते का ते तपासतात. आईलाही हेडफोनवर गाणी लावून देतात. नाही तर तिचं अंग किंचित वळतं आणि मांडीवरच्या बाळाला ते लगेच कळतं.

मेंदूच्या विद्युत लहरींचं पहिलं मानवी रेकॉर्डिंग हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये घेतलं आणि 1929 मध्ये ते जाहीर केलं. 1930 च्या दशकात डोनाल्ड लिंड्सली यांनी मुलांमध्ये दाखवलं की डोक्याच्या मागच्या भागातली मुख्य लय तीन-चार महिन्यांच्या वयात सेकंदाला तीन-चार आवर्तनांची असते आणि वयाबरोबर दहापर्यंत वाढते. पण इलेक्ट्रोड एकेक करून चिकटवायचे, तोवर बाळाचा धीर संपायचा. ओरेगॉनमधले डॉन टकर यांनी 1993 मध्ये स्पंज लावलेल्या इलेक्ट्रोडच्या जाळीची पद्धत मांडली. त्यामुळे शंभरावर इलेक्ट्रोड काही मिनिटांत बसवता येऊ लागले. तेव्हापासून ‘जाळी बसवणारी’ हे काम खऱ्या अर्थाने हातोटीचं झालं.

एक लिटर कोमट पाण्यात साधारण 11 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि 5 मिलिलिटर बेबी शाम्पू घालतात. जाळी त्यात पाच मिनिटं भिजवतात. शाम्पू डोक्यावरचा तेलकटपणा तोडतो. भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवून घेर मोजायचा आणि त्या मापाची जाळी निवडायची. जाळी निथळून घ्यावी लागते. पाणी ओघळलं तर शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये खारट पाण्याचा पूल तयार होतो आणि दोन्हीकडून एकच लहर येते. फार निथळली तर स्पंज सुकतात आणि संपर्क तुटतो. आपल्याकडे आणखी एक बाब आहे. टाळू भरण्याची पद्धत. जाळीचा मधला इलेक्ट्रोड त्याच्या जवळच बसतो, आणि तेलाच्या थरातून संकेत नीट येत नाही. म्हणून वेळ ठरवणाऱ्या व्यक्तीने फोनवरच सांगायचं, “ताई, त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, काजळही नको.” काजळाची काळी कड नजर टिपणाऱ्या कॅमेऱ्याला बुबुळापासून वेगळी काढता येत नाही. फोनवर झोपेच्या आणि दुधाच्या वेळा विचारायच्या त्याही याच कारणाने. पेंगुळलेल्या किंवा भुकेल्या बाळाचं रेकॉर्डिंग हाती लागत नाही. सगळी काळजी घेऊनही अशा अभ्यासांत सुमारे निम्म्या बाळांची माहिती वापरता येत नाही, म्हणून वीस बाळं हवी असतील तर चाळीस घरांशी बोलावं लागतं.

निअर-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशाने मेंदूतल्या रक्तातला ऑक्सिजन बाहेरून मोजता येतो, हे फ्रान्स योब्सिस यांनी 1977 मध्ये दाखवलं. बाळाची कवटी पातळ असल्याने ही पद्धत बाळांना सोयीची ठरली. उपकरण नेता-आणता येतं, त्यामुळे प्रयोगशाळा गावापर्यंत पोहोचली. लंडनच्या क्लेअर एलवेल यांच्या गटाने गाम्बियातल्या केनेबा या खेड्यात बाळांवर हे काम केलं. उत्तर प्रदेशात शिवगढ इथे लखनौच्या कम्युनिटी एम्पॉवरमेंट लॅबसोबत असाच अभ्यास झाला. केनेबात मांडिंका बोलणाऱ्या क्षेत्र-कार्यकर्त्यांवाचून पानही हललं नसतं. घराघरांत जाऊन ‘या दिव्यांनी बाळाला काही होत नाही’ हे पटवणं, घरातल्या मोठ्यांची परवानगी घेणं, पावसाळ्यात शेतीच्या कामांशी वेळ जुळवणं, हे परदेशातून आलेल्या शास्त्रज्ञाला जमणारं नाही.

अलीकडे आणखी एक उणीव समोर आली. एका लॅबमध्ये वीस-पंचवीस बाळांवर मिळालेला निकाल दुसरीकडे टिकतोच असं नाही. म्हणून ‘मेनी बेबीज’ या उपक्रमात चार खंडांतल्या 67 लॅबनी एकच प्रयोग केला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात 2329 बाळं होती. बाळांशी बोलतानाचा लाडिक सूर त्यांना मोठ्यांच्या सुरापेक्षा जास्त आवडतो, हे त्यातून पक्कं झालं. इतक्या ठिकाणांच्या फाइली एका साच्यात आणण्यासाठी डेटा सांभाळणाऱ्याचं पद मोठं झालं.

शोधनिबंधात कुणी काय केलं हे सांगण्यासाठी आता 14 भूमिकांची एक यादी वापरतात. माहिती गोळा करणं त्यात आहे, सॉफ्टवेअर लिहिणं आहे, निधी मिळवणंही आहे. जाळी बसताना खुळखुळा वाजवून बाळाला रमवणारी, कुटुंबांना वर्षानुवर्षं जोडून ठेवणारी माणसं यात ‘माहिती गोळा करणं’ या एकाच शब्दात येतात आणि बहुतेकदा त्यांची नावं शेवटच्या आभाराच्या ओळीत सापडतात. ती लेखकांच्या यादीत असायला हवीत.