दोषी पोलिसांना सौम्य शिक्षा (मराठवाडा)

गुन्हा शाबीत झालेल्या पोलिसाला, तो पोलीस आहे म्हणून, कमी शिक्षा देण्याची प्रवृत्ती. कायद्यात अशी सवलत कुठेही नाही. कबुली काढण्यासाठी मारहाण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत आणि जबर दुखापत असल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होते (आधीच्या भारतीय दंड संहितेत कलमे ३३० व ३३१). किमान शिक्षा मात्र ठरवलेली नाही, आणि ‘पर्यंत’ या शब्दाला धरूनच पुढचे सगळे घडते.

दोषी ठरवल्यावर न्यायाधीश शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकतात. समोर जमादार किंवा फौजदार असला की वकील सांगतो : इतकी वर्षे चाकरी झाली, बक्षिसे मिळाली, आता नोकरी आणि पेन्शन दोन्ही जाणार, लेकीचे लग्न व्हायचे आहे. कोठडीत मेलेल्या पोराची आई पदर तोंडाला लावून मागच्या बाकावर बसलेली असते. तिचीही लेक लग्नाची असू शकते.

खरा अन्याय याच्या पुढे आहे. आरोपी निर्दोष सुटला तर पीडिताच्या कुटुंबाला अपील करता येते. शिक्षा अपुरी आहे, एवढ्या कारणासाठी ते करता येत नाही. तो अधिकार शासनाचा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४१८). दोषी पोलीस ज्याचा नोकर, त्या शासनानेच शिक्षा वाढवून मागायची. घरच्यांना उरतो उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालचा निकाल तपासून पाहण्याची विनंती. त्यासाठी किनवटच्या मजुराने रोज बुडवून छत्रपती संभाजीनगरला, औरंगाबाद खंडपीठात, खेटे घालायचे.

वरच्या न्यायालयाने शिक्षा वाढवल्याचे ठळक उदाहरण नागपूरचे आहे. १९९३ मधल्या कोठडीतील मृत्यूबद्दल पोलिसांना झालेली तीन वर्षांची कैद सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांवर नेली, पण त्याला २०१८ साल उजाडले.

मराठवाड्यात गुन्हा दाखल होण्यापासूनच झगडावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर आंदोलन उसळले. त्यात पकडलेला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच्या आईने खंडपीठात दाद मागितल्यावर ४ जुलै २०२५ रोजी पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला ती याचिका फेटाळली गेली. शिक्षा कमी पडली तर वाढवून मागण्याचा अधिकार याच शासनाकडे आहे.