तळमजल्यावरचा टीबी आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

मुंबईतल्या एम-ईस्ट वॉर्डात, म्हणजे गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात, तीन कॉलन्या आहेत: लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. तिन्हीकडची माणसं साधारण एकाच परिस्थितीतली, बहुतेक जण कुठली ना कुठली झोपडपट्टी हलवली म्हणून इथे आलेले, कोणी रेल्वेलाईनच्या कडेला राहायचं, कोणाचं घर रस्त्यात गेलं. कमाई जेमतेम, घरं छोटी, आणि देवनारचं डंपिंग ग्राउंड सगळ्यांनाच जवळ. पण 2018 च्या आसपास डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांना सोबत घेऊन इथल्या चार हजारांहून जास्त कुटुंबांचा सर्वे केला तेव्हा दिसलं की पहिल्या दोन कॉलन्यांमध्ये टीबीचं प्रमाण शंभरात आठ-दहा जणांपर्यंत जातंय आणि पीएमजीपीमध्ये ते एकाच्या आसपास आहे.

आता वॉर्ड तोच, गरिबी तीच, सरकारी दवाखाने आणि टीबीच्या फुकट मिळणाऱ्या गोळ्याही त्याच, मग फरक कुठून आला? संशोधकांनी बिल्डिंगी मोजल्या. पीएमजीपी जुनी वसाहत, बिल्डिंगी बुटक्या आणि एकमेकींपासून बऱ्यापैकी लांब. बाकीच्या दोन ठिकाणी तळमजला अधिक सात मजले आणि दोन बिल्डिंगींमध्ये अंतर जेमतेम 3 मीटर. कॉम्प्युटर मॉडेल लावून प्रत्येक मजल्यावर उजेड किती येतो, हवा किती खेळते, खिडकीतून आभाळ किती दिसतं हे सगळं तपासलं, तर खालच्या मजल्यांची अवस्था सगळ्यात वाईट निघाली आणि टीबीचा त्रासही तिथेच जास्त.

अशा बिल्डिंगीत तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर दुपारी बारा वाजता गेलात तरी ट्यूबलाईट चालू असते. खिडकी आहे, नाही असं नाही, पण खिडकीबाहेर हात लांब केला तर समोरच्याची भिंत लागेल की काय असं वाटतं, आणि मधल्या त्या फटीत वरच्या सात मजल्यांचा कचरा, फुटलेल्या पाईपाचं पाणी, उंदीर, डास. वास येतो म्हणून खिडकी बंद. खिडकी बंद म्हणून उकाडा, म्हणून पंखा दिवसभर, आणि पंखा काय करतो तर आतलीच हवा आत फिरवतो. समोरच्या घरातलं सगळं दिसतं म्हणून पडदा, बायकांना तर कपडे बदलायचीही चोरी, त्यामुळे उरलीसुरली फटही गेली. मग कोणीतरी बाहेरून येऊन सांगतं की या लोकांना सवयीच नाहीत, खिडक्या उघडत नाहीत, कचरा खाली फेकतात. मला या बोलण्याचा राग येतो, कारण 3 मीटरची गल्ली, त्यात झाडायला कोणी उतरू शकत नाही, कचरा खाली न्यायची धड सोय नाही, अशी जागा बनवून दिली की तिथे कोणालाही आणून ठेवा, पाच वर्षांत त्यांच्या सवयी अशाच होतील.

बंद हवेचं आणि टीबीचं नातं नेमकं काय, तर टीबी भांड्यातून, कपड्यातून पसरत नाही (हे अजूनही घरोघर सांगावं लागतं, पेशंटचं ताट वेगळं ठेवणारे कमी नाहीत). पेशंट खोकला, बोलला, हसला की बारीक थेंब उडतात, त्यातलं पाणी हवेतच सुकतं आणि उरतो तो 1 ते 5 मायक्रॉनचा कण, इतका हलका की बंद खोलीत तो तासन्‌तास तरंगत राहतो. हे सिद्ध केलं रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स या दोघांनी, 1950 च्या दशकात, अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात. त्यांनी काय केलं, टीबीच्या वॉर्डातली हवा पाईपाने वर माळ्यावर नेली आणि तिथे पिंजऱ्यात गिनीपिग ठेवले. गिनीपिगांनी पेशंट कधी पाहिला नाही, फक्त त्याची हवा घेतली, तरी एकेक करून त्यांना टीबी होत गेला. पुढच्या टप्प्यात दुसरा पिंजरा ठेवला, त्याच्याकडे जाणाऱ्या हवेवर वाटेत अतिनील किरणांचे दिवे लावले, आणि तिकडचे गिनीपिग वाचले.

यावरून लोक चटकन म्हणतात की घरात ऊन आलं की जंतू मरतात. थोडं खरंय, पण काचेतून येणाऱ्या उन्हातले कामाचे अतिनील किरण काचच बऱ्यापैकी अडवते, त्यामुळे बंद काचेमागच्या उन्हावर फार विसंबू नका. खरं काम करते वाहती हवा. पेरूच्या लिमा शहरात आठ हॉस्पिटलांमध्ये याची मोजणी झाली, 2007 मध्ये ती छापून आली. जुन्या, 1950 च्या आधीच्या उंच छताच्या आणि मोठाल्या खिडक्यांच्या वॉर्डांत खिडक्या-दारं सताड उघडली की हवा तासाला 40 वेळा बदलत होती, नवीन बांधकामात 17 वेळा, आणि महागड्या मशीनने हवा खेळवणाऱ्या टीबीच्या खास खोल्यांत ठरवून दिलेला आकडा होता 12. त्यांच्या हिशोबाने औषध सुरू न झालेल्या पेशंटसोबत एक पूर्ण दिवस काढला तर मशीनवाल्या खोलीत 39 टक्के लोकांना लागण होईल आणि त्या जुन्या वॉर्डात 11 टक्के. म्हणजे आजीच्या काळच्या उंच छताला आपण उगाच जुनाट म्हणत होतो.

आणि हे सगळं मुंबईला नवीन आहे असंही नाही, उलट मुंबईने हे फार आधी शिकून घेतलं होतं, ते नंतर सोडून दिलं ही गोष्ट जास्त चीड आणणारी. 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला, पटापट माणसं मेली, शहर अर्धं ओस पडलं, आणि 1898 मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा अजून पक्कं पटलेलं नव्हतं, कोंदट खोल्या हेच कारण अशी समजूत होती, म्हणजे निदान चुकलं होतं पण औषध दुसऱ्या रोगाला लागू पडणारं होतं. ट्रस्टने नवीन बांधकामाला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला आणि ट्रस्टचे चेअरमन जे. पी. ऑर यांनी 1912 च्या सुमारास त्याचा जोरात प्रचार केला. नियम असा की खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशात वर रेघ काढायची, समोरची बिल्डिंग त्या रेघेच्या वर जाता कामा नये. आकडा विचित्र वाटतो पण गणित सोपं आहे, या कोनात उंची अंतराच्या बरोबर दुप्पट येते, म्हणजे समोरची बिल्डिंग जितकी उंच त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी.

आता हेच नटवर पारेखला लावून बघू. आठ मजले म्हणजे अंदाजे 23 मीटर उंची धरा, मध्ये साडेअकरा मीटर जागा पाहिजे होती. आहे 3. कोन काढला तर ऐंशी अंशांच्याही वर जातो, म्हणजे तळमजल्यावरून आभाळ बघायचं तर खिडकीला गाल टेकवून मान पूर्ण वर करावी लागेल. आणि हे काही बिल्डरने चोरून केलेलं नाही, पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेचे नियम मुद्दाम सैल केले गेले, जास्त कुटुंबं कमी जागेत बसावीत म्हणून. इंग्रजांच्या राज्यात जो कोन कागदावर होता तो आपल्या राज्यात गरिबांपुरता रद्द.

जागेचा परिणाम फक्त फुप्फुसांवर होतो असं नाही, डोक्यावरही होतो. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनला ब्रिज अपार्टमेंट्स नावाचे चार 32 मजली टॉवर आहेत, चक्क हायवेच्या डोक्यावर बांधलेले, खालून दिवसरात्र गाड्या. 1973 मध्ये तिथल्या मुलांचा अभ्यास छापून आला. खालच्या मजल्यांवर गोंगाट जास्त, वर जाल तसा कमी, आणि जी मुलं तिथे चार वर्षं किंवा जास्त राहिली होती त्यांच्यात खालच्या मजल्यांवरची मुलं सारख्या आवाजाचे शब्द वेगळे ओळखण्यात मागे होती, वाचनातही मागे. कान त्यांचे ठणठणीत होते, फक्त सतत आवाज आला की मूल आवाजाकडे लक्षच देणं सोडतं, आणि त्यात गाडीच्या हॉर्नबरोबर बाईंचं बोलणंही गेलं. बिल्डिंग एकच, पण मजला बदलला तसं वाचन बदललं! आपल्याकडे फ्लायओव्हर लोकांच्या बेडरूमच्या खिडकीला घासून जातात, तिथल्या मुलांचं वाचन कोणी तपासायला हवं.

शेजारधर्माचंही तसंच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या विद्यापीठाच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी, त्यांचं काम 1950 मध्ये प्रसिद्ध झालं, कोण कोणाचे दोस्त झाले ते विचारलं. अगदी शेजारच्या दारातल्या लोकांपैकी 41 टक्के मित्र, एक दार सोडून पलीकडचे 22, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाचे 10 टक्के. ज्यांचं घर जिन्याला लागून त्यांच्या वरच्या मजल्यावर ओळखी जास्त. कोणाचा स्वभाव बोलका नि कोणाचा घुमा हे राहिलं बाजूला, जिना कुठे आहे त्यावर दोस्ती ठरत होती. गॅलरीवाल्या चाळीत राहिलेल्याला हे सांगायची गरज नाही. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही, सकाळी कॉमन संडासाच्या लायनीत टमरेल घेऊन उभं राहण्यात काही रोमँटिक नसतं, पण गॅलरीत दार उघडं असायचं, हवा आरपार जायची आणि म्हाताऱ्याने सकाळी दार उघडलं नाही तर दहा वाजेपर्यंत कोणीतरी कडी वाजवायचंच. मधे अंधारा पॅसेज आणि दोन्हीकडे बंद दारं असलेल्या बिल्डिंगीत हे होत नाही.

यावर हुशार माणूस विचारेल, अहो पण आजारी आणि गरीब माणूसच स्वस्त, वाईट जागेत राहतो ना, मग दोष जागेचा कशावरून? प्रश्न रास्त आहे, आणि बरेचसे अभ्यास इथेच लंगडे पडतात. म्हणून अमेरिकेचा एक प्रयोग फार महत्त्वाचा, 1994 ते 1998, पाच शहरं, सरकारी वसाहतींत राहणारी साधारण 4600 गरीब कुटुंबं, आणि चक्क लॉटरी. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जायचं व्हाउचर, म्हणजे घरभाड्याला सरकारी मदत, मिळालं, काहींना नाही. दहा-पंधरा वर्षांनी बघितलं तर हललेल्यांची कमाई काही वाढलेली नव्हती, पण त्यांच्यातल्या बायकांमध्ये अतिलठ्ठपणा आणि डायबेटिस कमी होता. ज्यांची मुलं 13 वर्षांच्या आत असताना हलली त्या मुलांची विशी-पंचविशीतली कमाई जवळपास 31 टक्के जास्त निघाली. सगळंच गोड नव्हतं, मुलींचं मन:स्वास्थ्य सुधारलं आणि मुलग्यांचं उलट बिघडलं, डिप्रेशन वाढलं, आणि याचं कारण अजून कोणाला नीट उलगडलेलं नाही. पण चिठ्ठीत नाव आलं आणि तब्येत बदलली, म्हणजे जागेचा हात आहे हे नाकारता येत नाही.

मग सगळ्यांनी वरच जाऊन राहायचं का? स्वित्झर्लंडच्या जनगणनेवरून 2013 मध्ये हिशोब आला, तळमजल्यावरच्या लोकांत मृत्यूचं प्रमाण आठव्या किंवा त्यावरच्या मजल्यांपेक्षा साधारण 22 टक्के जास्त. यात पैशाचा भाग असणारच, वरचे मजले महाग. पण टोरांटोमध्ये घरात हृदय बंद पडलेल्या सात हजारांवर लोकांच्या नोंदी बघितल्या, 2016 मध्ये छापून आल्या, तिथे चित्र उलटं आहे. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणारे 4.2 टक्के वाचले, तिसऱ्या किंवा त्यावरचे 2.6 टक्के, सोळाव्याच्या वरचे शंभरात एकही धड नाही, आणि पंचविसाव्याच्या वरचा एकही जण वाचला नाही. अँब्युलन्स गेटपर्यंत वेळेत येते हो, पण पुढे गेटची नोंदवही, लिफ्ट कुठल्यातरी वरच्या मजल्यावर अडकलेली, स्ट्रेचर आत मावत नाही, आणि मेंदूला ऑक्सिजन नसताना एकेक मिनिट महाग असतं. मुंबई-पुण्यात आता चाळीस मजले ही नवलाई राहिलेली नाही, तेव्हा सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगचं भांडण मिटलं की एवढं ठरवून घ्या: अँब्युलन्स बोलावणाऱ्याने लगेच वॉचमनला इंटरकॉम करायचा, वॉचमनने मोठी लिफ्ट खाली आणून दार उघडं धरून ठेवायचं, आणि हृदयाला झटका देणारं ते एईडी मशीन घेतलंच तर ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचं नाही.