चित्रकथा, अंकीय

चित्रकथा, अंकीय : संगणकावर रचलेली किंवा संगणक, टॅब्लेट, मोबाइल यांच्या पडद्यावर वाचण्यासाठी आखलेली चित्रकथा. डिजिटल कॉमिक, वेबकॉमिक आणि अलीकडे वेबटून हे शब्द मराठीत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. कागदावर काढून स्कॅन केलेले कॉमिक, संगणकावर काढून कागदावर छापलेले कॉमिक आणि छपाईचा विचारही न करता पडद्यासाठी मांडलेले कॉमिक या मात्र तीन वेगळ्या गोष्टी होत. पहिल्या दोहोंत साधने बदलली. तिसरीत ‘पान’ हा चित्रकथेचा मूळ घटकच सुटला. या नोंदीचा भर तिसऱ्या प्रकारावर आहे.

प्रारंभाविषयीचे मतभेद : पहिली अंकीय चित्रकथा कोणती, याचे उत्तर व्याख्येवर ठरते. छापील परंपरेत हा मान सामान्यतः ‘शॅटर’ या अमेरिकन कॉमिकला देतात (१९८५, लेखक पीटर गिलिस, चित्रकार माइक सेन्झ, प्रकाशक फर्स्ट कॉमिक्स). ते मॅकिंटॉश संगणकावर, माउसने काढले होते. त्या यंत्राचा पडदा ५१२ × ३४२ बिंदूंचा. त्यावर अख्खे पान एका वेळी दिसत नसे, त्यामुळे चित्रकाराला पान तुकड्यातुकड्यानेच पाहावे लागे. रेषा बिंदुमुद्रकावर छापून घेत आणि रंग मात्र नेहमीप्रमाणे हाताने भरत. पुढे चित्रकार बदलले तेव्हा मधल्या काही अंकांची चित्रे कागदावर काढून मग संगणकात उतरवली गेली. ‘संपूर्णपणे संगणकावर काढलेले’ हे वर्णन म्हणूनच काटेकोरपणे पाहता सर्व अंकांना लागू पडत नाही.

संगणकांच्या जाळ्यावरील आरंभ याहून अधिक वादग्रस्त आहे. जो एकाइटिस यांची ‘टी.एच.ई. फॉक्स’ ही मालिका १९८६ पासून कॉम्प्युसर्व्हसारख्या सशुल्क सेवांवर येत होती. तिच्याही आधीच्या एका कॉमिकचा उल्लेख काही संदर्भांत येतो, पण तो समकालीन पुराव्यापेक्षा उत्तरकालीन कथनांवर विसंबलेला दिसतो. हान्स ब्योर्डाल यांची ‘व्हेअर द बफेलो रोम’ ही चित्रपट्टी १९९१-९२ च्या सुमारास यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर पोहोचली. वर्ल्ड वाइड वेबपुरते बोलायचे तर डेव्हिड फार्ली यांचे ‘डॉक्टर फन’ (सप्टेंबर १९९३) हे आद्य उदाहरणांत मोडते. मात्र ते एकाच चौकटीचे व्यंगचित्र होते. आणि अमेरिकन चित्रकथाकार व अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी त्याच वर्षी मांडलेली, आज सर्वाधिक उद्धृत होणारी व्याख्या चित्रकथेसाठी एकापुढे एक ठेवलेल्या चित्रांचा क्रम आवश्यक मानते. ती स्वीकारल्यास ‘डॉक्टर फन’ बाद होते. ‘फॉक्स’ला अग्रक्रम देणे त्यामुळे अधिक सयुक्तिक वाटते.

पान, खिडकी आणि फट : छापील चित्रकथेचे व्याकरण पानावर उभे आहे. फ्रेंच-बेल्जियन परंपरेचे अभ्यासक थिएरी ग्रोन्स्टीन यांनी १९९९ मध्ये चौकटींच्या परस्परसंबंधांच्या जाळ्याला चित्रकथेचा गाभा मानले. वाचक एक चौकट वाचत असताना त्याच्या डोळ्याच्या कडेला बाकीचे पान दिसत असते, आणि रहस्य उलगडायचे तर चित्रकार ते पान उलटल्यावरच दिसेल अशा जागी ठेवतो. मॅक्लाउड यांनी २००० साली याच्या उलट दिशेने विचार मांडला : संगणकाचा पडदा हे पान न मानता खिडकी मानावी. खिडकीमागचा पट कितीही लांब, रुंद वा जिन्यासारखा उतरता असू शकतो. ‘अमर्याद पट’ या नावाने ही कल्पना प्रसिद्ध झाली. स्वतः मॅक्लाउड यांनी २००३ मध्ये चौकटीच्या पोटात पुढची चौकट असलेली कथा काढून ती २५ सेंटला विकून पाहिली. तिची पैसे घेणारी सेवा २००७ मध्ये बंद पडली. कल्पना टिकली, तिचा बाजार टिकला नाही.

अमर्याद पटाचा सर्वांत चतुर उपयोग बहुधा रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या वेबकॉमिकमध्ये आढळतो. २०१२ मधील एका भागात वाचक माउसने चित्र ओढत एका अवाढव्य भूदृश्यात भटकतो. २०१३ मधील ‘टाइम’ या भागात जागेऐवजी काळ ताणला आहे : एकाच चौकटीतले चित्र आधी दर अर्ध्या तासाने आणि मग दर तासाने बदलत गेले, चार महिन्यांत तीन हजारांहून अधिक चित्रे झाली. त्याला विज्ञानकथा-साहित्यासाठीचा २०१४ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. एकामागून एक त्याच जागी येणाऱ्या चित्रांना चित्रकथा म्हणावे की अतिमंद चलच्चित्र, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. वेग वाचकाच्या हाती असेल तर चित्रकथा, यंत्राच्या हाती असेल तर चलच्चित्र, ही कसोटी सोयीची आहे; ‘टाइम’ प्रथम प्रकाशित होताना तिच्यात बसत नाही आणि आज मागेपुढे सरकवून वाचताना बसते.

दुसरा प्रवाह टिचकीचा (क्लिकचा). फ्रेंच चित्रकार बालाक यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की पडद्याइतक्याच आकाराच्या चौकटीत दर टिचकीला एखादा फुगा, एखादा चेहरा, एखादी सावली तेवढी बदलली तरी पान उलटण्याचा धक्का प्रत्येक टिचकीत मिळू शकतो. २०१२ मध्ये मार्व्हलने ही पद्धत उचलली. छापील पाने चौकट-चौकट मोठी करून दाखवणारी कॉमिक्सॉलॉजी या अंकीय कॉमिक विकणाऱ्या सेवेने आणलेली व्यवस्था वरवर अशीच दिसते, पण तीत मूळ पानाची रचना हरवते. दोन पाने व्यापणाऱ्या भव्य चित्राचे तर मोबाइलवर अक्षरशः तुकडे होतात.

वेबटून : अमर्याद पट प्रत्यक्षात उतरला तो एकाच दिशेला, वरून खाली, आणि तोही दक्षिण कोरियात, वेबटून या नावाने. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथला छापील ‘मानह्वा’चा (कोरियन कॉमिकचा) धंदा खालावला आणि त्याच सुमारास घरोघरी वेगवान इंटरनेट पोहोचले. कांग फुल यांची २००३ मधील दाऊम संकेतस्थळावरची प्रेमकथा उभ्या सरकत्या मांडणीचा निर्णायक टप्पा मानली जाते. नेव्हर या दुसऱ्या कोरियन संकेतस्थळाची वेबटून सेवा २००४ मध्ये सुरू झाली. या मांडणीत फार मोठे परिवर्तन झाले ते दोन चौकटींमधल्या फटीचे. छापील पानावर ही फट काही मिलिमीटरची असते. वेबटूनमध्ये ती पडदाभर लांब असू शकते आणि लांबी म्हणजेच काळ. पात्राने उसासा टाकावा आणि बोट तीनदा सरकेपर्यंत नुसता काळोख यावा, हे कागदावर परवडत नाही. होरांग यांच्या २०११ मधील एका भयकथेत विशिष्ट जागी पोहोचताच चित्र आपोआप हलते. पट मात्र अरुंद : नेव्हरच्या नवोदितांसाठीच्या इंग्रजी मंचावर रुंदी ८०० पिक्सेल धरतात. परिणामी आडवी दृश्ये, गर्दी, एकमेकांसमोर उभी दोन पात्रे हे सारे दुर्मीळ होऊन चेहऱ्यांचे समीपदृश्य वाढले.

भारतात या उभ्या पटाचे नाते जुन्या चित्रपरंपरांशी जोडण्याचा मोह होतो. बंगालचे पटुआ (पटचित्रकार) चित्रांची गुंडाळी उलगडत गाणे म्हणतात, तिथे साम्य दिसते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी मात्र सुट्या कागदांची पोथी वापरतात आणि एकेक चित्र समोर धरून कथा सांगतात. ते टिचकीच्या पद्धतीच्या अधिक जवळ आहे. दोन्ही ठिकाणी साम्य आहे, ऐतिहासिक सातत्य सिद्ध होत नाही.

रंग : जुन्या अमेरिकन कॉमिकमध्ये तीन शाया आणि प्रत्येकीच्या मोजक्या छटा यांच्या मेळातून साधारण ६४ रंग मिळत. ‘आकिरा’ या जपानी कॉमिकच्या १९८८ पासूनच्या अमेरिकन आवृत्तीत स्टीव्ह ऑलिफ यांनी संगणकीय रंगभरणी रूढ केली. तिने रंगकाराचे स्थान उंचावले. पण रेषेचे काम कमी होऊन सर्वत्र गुळगुळीत छटा पसरल्या, हा आक्षेपही तितकाच जुना आहे.

अक्षरे आणि मराठी : इंग्रजी कॉमिकची अक्षरे प्रथेने सगळी मोठ्या लिपीत असतात, त्यामुळे ओळी खेटून बसतात. देवनागरीला शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरे यांसाठी जागा लागते. तेवढ्याच फुग्यात त्यामुळे ओळी कमी मावतात. फुगे जिथे मूळ मजकुराच्या मापाने आखलेले असतात तिथे मराठी भाषांतरात अक्षर बारीक करणे किंवा वाक्य कापणे, हे दोनच मार्ग उरतात. सुटा फुगा चौकटीबाहेर टांगणाऱ्या वेबटूनची मांडणी देवनागरीला उलट सोयीची आहे. श्री-लिपीसारख्या पुण्यात घडलेल्या टंकप्रणालींनी अक्षरजुळणी सुकर केली, परंतु युनिकोड या सर्व यंत्रांना समान अक्षरसंकेताच्या आधीच्या संकेतनात टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर त्या टंकाविना वाचता येत नाही. चित्रातच मुरलेली अक्षरे शोधयंत्राला दिसत नाहीत, ही अडचण युनिकोडनंतरही आहे. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेली चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांची ‘चिंटू’ ही मराठीतील सर्वपरिचित चित्रपट्टी पुढे पडद्यावरही वाचली गेली. तिची रचना अर्थातच वर्तमानपत्री पट्टीची आहे.

जतन : कागद पिवळा पडतो, पण वाचता येतो. ॲडोबीने फ्लॅश या हलत्या चित्रांच्या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवल्यावर त्या तंत्रात बांधलेल्या चित्रकथा मूळ रूपात उघडेनाशा झाल्या. अँड्र्यू हसी यांच्या ‘होमस्टक’ या वेबकॉमिकमधील (२००९–१६) हलते व खेळता येणारे भाग हे त्यांतील ठळक उदाहरण. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने वेबकॉमिकचा स्वतंत्र संग्रह राखला आहे.

यंत्रनिर्मित चित्रे : क्रिस काश्तानोव्हा यांच्या ‘झार्या ऑफ द डॉन’ या कॉमिकची चित्रे मिडजर्नी या आज्ञावलीने तयार केली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने त्यातील मजकूर आणि चित्रे-शब्दांची मांडणी यांना संरक्षण मान्य केले, सुट्या चित्रांना नाकारले.