दुखेल म्हणून न हललेला हात

मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून आठ महिने झाले होते. कोथरूडला तिच्या घरी गेले तर पोळ्यांना बाई, कपडे वाळत घालायला काका, आणि ती खुर्चीत, उजवा हात पोटाशी धरून. चहाचा डबा काढायला उठली, हात खांद्यापर्यंत नेला आणि तिथूनच खाली आणला. "दुखतंय का गं?" "नाही. पण दुखेल."

या भीतीला वैद्यकात काइनेसिओफोबिया म्हणतात. जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी १९९० मध्ये हा शब्द रूढ झाला आणि ती मोजायला १७ विधानांची प्रश्नावलीही आहे. कॅन्सरनंतर तिला जास्तच खतपाणी मिळतं. जिना चढताना धाप लागली, की पहिला विचार येतो, "परत आला की काय?" मग माणूस जिना टाळतो, स्नायू आणखी झडतात, आणि पुढच्या वेळी चार पायऱ्यांतच धाप लागते. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घटली. केमोथेरपीतून उठलेल्या साठीच्या बाईचं काय होत असेल!

हाताची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती. काखेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड्स) काढल्या की द्रव साचून हात सुजू शकतो. म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं जाई, त्या हातानं जड उचलू नका. कॅथरिन श्मिट्झ या अमेरिकन संशोधिकेनं हे तपासून पाहिलं. आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर, आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला देखरेखीखाली, आणि हाताला दाबपट्टा घालून हळूहळू वाढतं वजन उचलायला लावलं. २००९ मध्ये निष्कर्ष आले: सूज वाढली नाही, उलट ती एकदम उसळण्याचं प्रमाण १४ टक्के राहिलं; वजन न उचलणाऱ्यांत ते २९ टक्के होतं.

हाडांत पसरलेला कॅन्सर, ताप, छातीत दुखणं, रक्तपेशी फार कमी असणं, असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. बाकी बहुतेकांसाठी २०१९ पासूनचा आंतरराष्ट्रीय सल्ला आहे तो आठवड्यातून तीनदा अर्धा तास भरभर चालण्याचा आणि दोनदा ताकदीच्या व्यायामाचा. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा असतात, तसं किती चालायचं हेही लिहिलेलं असावं, असं मला फार वाटतं. घरचे "तू बस, मी करते" म्हणतात ते मायेनंच. मीही म्हणत होते.

फिजिओथेरपिस्टनं मावशीला भिंतीवर बोटं चालवत वर न्यायला सांगितली. जिथे थांबेल तिथे पेन्सिलीची खूण. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या खुणांची शिडीच झाली. मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली उचलणं, मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या.

गेल्या महिन्यात आम्ही पर्वतीला गेलो. चाळीसेक पायऱ्यांवर ती बसली, मनगटावर बोटं ठेवून, डोळे मिटून. मी घाबरले होते. दोनेक मिनिटांनी ती म्हणाली, "उतरली बघ धडधड. चल."