पाइनचे डांबर आणि उत्तरेकडच्या लाकडी भिंती

घराची चौकट बसवताना तिची भिंतीत जाणारी बाजू डांबराने माखून घ्यायची, हे आपल्याकडच्या सुताराला सांगावे लागत नाही. ओल आणि वाळवी दूर राहावी म्हणून तो ते करतो. हे डांबर दगडी कोळशाचे. कपाटातल्या डांबरगोळ्याही मूळच्या त्याच कुळातल्या. कोळशाचे डांबर मुबलक झाले ते एकोणिसाव्या शतकात, शहरांत कोळशाच्या वायूचे दिवे लागल्यावर. त्याआधी उत्तर युरोपात लाकूड वाचवणारे डांबर झाडातूनच काढले जाई, आणि ते झाड म्हणजे पाइन. आपल्या हिमालयातल्या चिडाचा भाऊबंद.

पाइनमधली राळ जळू न देता तापवली की ती काळसर-सोनेरी, धुरकट वासाचा दाट रस होऊन खाली उतरते. स्वीडनमधल्या उप्साला परिसरात हे करण्याचे जुने खड्डे उत्खननात सापडले आहेत. इसवीसनाच्या दुसऱ्या ते चौथ्या शतकांतले खड्डे लहान आणि वस्तीलगतचे आहेत. आठव्या शतकाच्या आसपास मात्र ते मोठे होतात आणि वस्ती सोडून जंगलात सरकतात. एका खेपेला दोनतीनशे लिटर डांबर देणारे हे खड्डे घरगुती गरजेपुरते नव्हते. हाच वायकिंगांची गलबते समुद्रावर पसरण्याचा काळ. फळ्यांच्या सांध्यांत डांबरात भिजवलेली लोकर भरल्याशिवाय असे गलबत पाण्यात उतरत नसे.

पुढे फिनलंडमध्ये या कामाची एक पूर्ण शेतीच उभी राहिली. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण यात घाई नावालाही नाही. उभ्या पाइनची साल टप्प्याटप्प्याने, काही वर्षे सोलत जायची. एक पट्टी मात्र राखायची, म्हणजे झाड मरत नाही. जखम भरण्यासाठी झाड खोडात राळ साठवते. चारेक वर्षांनी ते तोडायचे, फोडायचे, वाळवायचे. मग उतारावर नरसाळ्यासारखा खड्डा करून त्याला बर्च झाडाच्या सालीचे अस्तर द्यायचे, त्यात लाकडाच्या फोडी मध्याकडे उतरत्या रचायच्या, वरून शेवाळ आणि गवताळ मातीची ढेपळे दाबायची आणि कडेकडेने आग लावायची. हवा जास्त गेली तर लाकूडच जळून जाते. कमी पडली तर आग विझते. म्हणून कित्येक दिवस आणि रात्री आळीपाळीने माणसे ढिगाशेजारी जागी राहत. आधी पाणी झिरपे, मग डांबर, आणि ते लाकडी पन्हळीतून पिंपात पडे.

पिंपे नदीतून लांबट, निमुळत्या होड्यांनी ओउलू बंदराकडे जात. कयानी गावाजवळ धबधबे आडवे येत, तिथे माल उतरवून जमिनीवरून न्यावा लागे. १८४६ साली तिथे डांबराच्या होड्यांसाठी खास कालवा झाला.

हे डांबर जगात प्रसिद्ध झाले ते ‘स्टॉकहोम टार’ या नावाने. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता. १६४८ साली निर्यातीची मक्तेदारी एका कंपनीला मिळाली, आणि स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथनियाच्या आखातावरच्या गावांना परदेशाशी थेट व्यापार करायची मुभा १७६५ पर्यंत नव्हती. माल स्टॉकहोममार्गेच जाई. जंगलात रात्री जागवणाऱ्या फिनिश शेतकऱ्याचे नाव म्हणूनच पिंपावर आले नाही.

सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते इंग्लंड. जहाजाचा सांगाडा आणि दोरखंड, दोन्हींना डांबर लागे. स्वीडन आणि रशिया यांच्यातल्या १७०० ते १७२१ च्या युद्धाने पुरवठा अडला, भाव चढले, तेव्हा लंडनने १७०५ पासून अमेरिकी वसाहतींतल्या डांबराला बक्षिसी जाहीर केली. उत्तर कॅरोलिनात पाइनच्या जंगलांत भट्ट्या पेटल्या. तिथल्या रहिवाशांना आजही ‘टार हील’, म्हणजे डांबरी टाचेचे, म्हणतात. आणि १८५४ मध्ये, रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात (फिनलंड तोवर रशियाकडे गेला होता), ज्या देशाची जहाजे या डांबरावर चालली त्याच ब्रिटनच्या आरमाराने ओउलू आणि राहे इथली डांबराची कोठारे जाळून टाकली. पुढे लोखंडी जहाजे आली आणि हा व्यापार हळूहळू आटला.

जमिनीवरचे काम मात्र संपले नाही. नॉर्वेमध्ये बाराव्या शतकापासूनची लाकडी ‘स्टाव्ह’ चर्चे, म्हणजे उभ्या खांबांच्या आणि फळ्यांच्या बांधणीची, आजही उभी आहेत. एकूण २८ उरली आहेत. त्यांतले उर्नेसचे १९७९ पासून जागतिक वारशात आहे, बोरगुंडचे ११८० च्या सुमाराचे. बर्फ, पाऊस आणि ऊन सोसून ही लाकडे टिकली, याचे मोठे श्रेय पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेल्या डांबराच्या थरांना आहे. डांबर लाकडात मुरते आणि पाणी बाहेर ठेवते. उन्हाने ते झिजते, म्हणून पुन्हा द्यावे लागते. स्वीडनच्या किनाऱ्यावर होड्यांना आणि कुंपणांना डांबर, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समभाग मिसळून लावण्याची रीत आहे; तिला तिथे ‘रोसलाग महोगनी’ म्हणतात.

विसाव्या शतकात बंद लोखंडी टाक्यांत काढलेले कारखान्यातले डांबर स्वस्त झाले आणि खड्ड्यांच्या भट्ट्या मागे पडल्या. चर्चच्या भिंतींनी तो फरक दाखवला: नवे डांबर उन्हात ओघळू लागले, टिकेना. नॉर्वेच्या पुरातत्त्व खात्याने २००१ ते २०१५ या काळात सगळ्या स्टाव्ह चर्चच्या दुरुस्तीचा कार्यक्रम राबवला. याच काळात भट्टीच्या डांबराचा बारकाईने अभ्यास झाला. एकाच भट्टीतून आधी पडणारे आणि शेवटी पडणारे डांबर सारखे नसते, हे जुन्या भट्टीवाल्यांचे ज्ञान प्रयोगशाळेतही तपासले गेले. आता खड्ड्याच्या भट्ट्या पुन्हा लागतात. कोरड्या उन्हाळ्यात, लाकूड तापलेले असताना, डांबर गरम करून ब्रशने भिंतींवर चढवले जाते. सूर्याकडे तोंड केलेली दक्षिणेची भिंत सर्वांत लवकर उघडी पडते, त्यामुळे तिची पाळी इतर भिंतींपेक्षा वारंवार येते.