सौंदत्तीच्या डोंगराचा दगड एवढा टणक कसा झाला

यल्लम्माला आपल्या खानापूर, निपाणी, बेळगावकडून एवढी माणसं जातात, पण ज्या डोंगरावर चढतो तो दगड म्हणजे मुळात वाळू आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. ज्यांना माहीत असतं तेही सांगतात की थरावर थर पडले, दाब आला आणि दगड झाला, पण हे अर्धंच आहे, नुसत्या दाबानं वाळू दबते, इतकी टणक होत नाही. खरं काम पाण्यानं केलंय.

बेळगावचा काळा दगड लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडे मात्र त्याहून कितीतरी जुने, शंभर कोटी वर्षांच्याही मागचे थर आहेत. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी हा सगळा मुलूख पालथा घालून १८७६ साली दक्षिण मराठा मुलुखाचा भूशास्त्रीय अहवाल छापला आणि या थरांना बागलकोटकडच्या कलादगी गावाचं नाव मिळालं. गाळाचा दगड होताना आत जे बदल होतात त्याला डायजेनेसिस हा शब्द जर्मन भूशास्त्रज्ञ ग्युम्बेल यांनी १८६८ मध्येच वापरला होता, पण आत नेमकं काय घडतं ते दिसलं मायक्रोस्कोपमुळे. इंग्लंडात हेन्री सॉर्बी दगडाचे पातळ काप करून बघायचे, त्यांनी १८८० मध्ये दाखवलं की वाळूच्या जुन्या गोल कणांवर नवीन क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, चढलेलं असतं.

ते असं होतं. गाळ खोल गेला की कण जिथं एकमेकांना टेकतात तिथं दाबामुळे सिलिका (क्वार्ट्झ ज्याचं बनलेलं असतं तो पदार्थ) पाण्यात विरघळते, ते पाणी फटीत शिरतं आणि तीच सिलिका शेजारच्या कणावर परत जमते, मूळ स्फटिकाच्याच रचनेत, त्यामुळे जुनं कुठं संपलं ते सहज ओळखू येत नाही. फटी बुजल्या की क्वार्टझाइट तयार. साधा वालुकाश्म फोडला तर कणांच्या कडेकडेनं फुटतो, हा कणांना चिरून फुटतो. क्वार्टझाइट म्हटलं की प्रचंड उष्णतेनं रूपांतर झालेला दगड असं पुस्तकात वाचतो, पण कलादगीचा बराचसा क्वार्टझाइट तसा नाही, तो या सिलिकेच्या सिमेंटनंच घट्ट झालाय, मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं!

याच कलादगी थरांत लोकापूरकडे डोलोमाइट हा चुनखडीसारखा दगड आहे, तिथली केमिस्ट्री वेगळी, चुन्याच्या गाळातल्या साधारण अर्ध्या कॅल्शियमची जागा मॅग्नेशियमनं घेतली की तो बनतो.

आणि क्वार्टझाइट असा सलग फुटतो म्हणूनच त्याला धार येते, मलप्रभेच्या खोऱ्यात फूट यांनाच अश्मयुगातल्या माणसानं घडवलेली क्वार्टझाइटची हत्यारं सापडली होती.