१९६२ चं चिनी आक्रमण आणि भारतातले राजकीय मतभेद

२० ऑक्टोबर १९६२ ला चिनी फौजांनी नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाख अशा दोन्ही बाजूंनी हल्ला केला, तेव्हापासून साधारण ऑगस्ट १९६३ पर्यंत, या हल्ल्याला उत्तर काय आणि कसं द्यायचं यावरून भारतातले पक्ष, संसद आणि खुद्द सत्ताधारी काँग्रेस यांच्यात जे मतभेद झाले त्यांची ही नोंद आहे. लढाईची हकीकत (नामका चू, से ला, वालाँग, रेझांग ला) इथे घेतलेली नाही, ती बहुतेकांना माहीत असते. या वादाची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही जण ऑगस्ट १९५९ ची लाँगजूची चकमक धरतात, काही त्याच वर्षीच्या २१ ऑक्टोबरची कोंग्का खिंडीतली, ज्यात भारतीय पोलिस मारले गेले. चकमक कोणतीही धरा, १९५९ हे साल पटतं, कारण लडाखच्या पूर्वेकडच्या अक्साई चीनमधल्या चिनी रस्त्याची गोष्ट सरकारने संसदेत कबूल केली ती त्याच वर्षी, सप्टेंबरपासून चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या श्वेतपत्रिका निघायला लागल्या त्याही त्याच वर्षी, आणि पुढे ६२ मध्ये जो तो पक्ष जे बोलला ते जवळजवळ सगळं १९५९ मध्येच बोलून झालं होतं.

एक गैरसमज आधी काढायला हवा. लढायचं की नाही यावर १९६२ मध्ये फारसा वाद नव्हता, वाद होता तो दोष कोणाचा, मदत कोणाकडे मागायची आणि या प्रकाराला नाव काय द्यायचं यावर.

संसद आणि ठराव

जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी तेव्हा राज्यसभेत होते (६२ च्या निवडणुकीत लोकसभेला पडले होते), त्यांनी आणि इतरांनी अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी केली आणि ते ८ नोव्हेंबरला भरलं, म्हणजे लढाई चालू असतानाच. चर्चा बंद दाराआड करा अशीही सूचना आली होती, पण नेहरूंनी ती मानली नाही. लोकसभेत दीडशेच्या वर सदस्य बोलले आणि १४ नोव्हेंबरला सगळ्यांनी उभं राहून ठराव मंजूर केला की लढा कितीही लांबो, कितीही कठीण होवो, आक्रमकाला भारताच्या पवित्र भूमीवरून हाकलून लावू. हा ठराव एकजुटीचा पुरावा म्हणून नेहमी दिला जातो, आणि मत एकच पडलं हे खरंच आहे, पण भाषणं वाचली तर त्याच ठरावाच्या आडून प्रत्येकाने आपापलं जुनं गाऱ्हाणं मांडलेलं दिसतं. जनसंघाला चीनशी राजनैतिक संबंध तोडायला हवे होते (तुटले नाहीत, राजदूत मात्र १९६१ पासूनच नव्हता आणि पुढे १९७६ पर्यंत नेमलाही नाही). स्वतंत्र पक्षाला, म्हणजे राजाजी, मिनू मसानी वगैरेंना, अलिप्ततावाद गुंडाळून पश्चिमेची मदत उघडपणे घ्यायला हवी होती आणि त्यासाठी पाकिस्तानशी मिटवायलाही त्यांची ना नव्हती. प्रजा समाजवाद्यांचा जोर तिबेटवर आणि सरकारने इतकी वर्षं माहिती दडवली यावर होता. अलिप्तता नावापुरती राहिली असं विरोधक म्हणत तेव्हा ते अगदीच चुकत नव्हते, कारण १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना जी पत्रं लिहिली त्यांत अमेरिकन विमानदलाची मदत मागितली होती, पण हे संसदेला तेव्हा माहीत नव्हतं.

दक्षिणेतलं उदाहरण वेगळं आहे. द्रमुकची वेगळ्या द्रविडनाडूची मागणी होती, अण्णादुराईंनी ती बाजूला ठेवून सरकारला पाठिंबा दिला. फुटीरतेच्या प्रचाराला आळा घालणारी सोळावी घटनादुरुस्ती १९६३ मध्ये झाली, त्यामुळे मागणी सोडली ती चीनमुळे की कायद्याच्या भीतीमुळे यावर दोन मतं आहेत. पाठिंबा दुरुस्तीच्या आधीचा आहे एवढं मात्र तारखांवरून दिसतं.

मेनन प्रकरण

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना घालवलं ते विरोधकांनी, असं समजलं जातं. विरोधक मागे लागले होतेच. याच मेनननी फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींना १ लाख ४५ हजारांच्या आसपास मतांनी पाडलं होतं, आणि त्या निवडणुकीत कम्युनिस्ट मेननच्या बाजूने तर बाकीचे बरेच विरोधक कृपलानींच्या, म्हणजे चीनवरची फाळणी मुंबईत लढाईच्या आठ महिने आधीच मतपेटीत दिसली होती. पण ऑक्टोबरच्या शेवटी निर्णायक रेटा आला तो काँग्रेसच्या संसदीय पक्षातूनच. महावीर त्यागी हे त्यातलं ठळक नाव. तिथे गवताचं पातंही उगवत नाही असं नेहरू अक्साई चीनबद्दल म्हणाले, त्यावर आपल्या डोक्यावरही काही उगवत नाही, मग तेही देऊन टाकायचं का असं त्यागींनी विचारलं, तो किस्सा याच त्यागींचा. (टक्कल कोणाचं, त्यागींचं की नेहरूंचं, हेसुद्धा सांगणाऱ्यागणिक बदलतं, आणि साल कोणी १९५९ देतं तर कोणी १९६१.)

मेनन कधी गेले याच्या तारखा पुस्तकांत वेगवेगळ्या सापडतात आणि त्याचं कारण सोपं आहे, ते दोन हप्त्यांत गेले. ३१ ऑक्टोबरला नेहरूंनी संरक्षण खातं स्वतःकडे घेतलं आणि मेननना संरक्षण उत्पादनाचं मंत्री केलं, पण आपण अजून संरक्षण मंत्रालयातच बसतोय अशा अर्थाचं मेनन बोलल्याचं छापून आलं आणि काँग्रेसवाले आणखी भडकले, मग ७ नोव्हेंबरला, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, राजीनामा पूर्ण स्वीकारला गेला. दुसरी तारीखच धरावी. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण २१ नोव्हेंबरला आले, महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद मारोतराव कन्नमवारांकडे गेलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे चव्हाणांबद्दलचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्यात एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे सह्याद्री पोचला त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी केली होती. चव्हाण पुढे नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, म्हणजे ज्या राज्यात विरोधी पक्ष चांगलेच दमदार होते तिथे त्यांच्यासमोर कोणी उभंच राहिलं नाही.

कम्युनिस्ट पक्ष

मतभेद सगळ्यात खोल गेले ते इथे. मे १९६२ पर्यंत पक्षात नवीन रचना झाली होती, अजय घोष जानेवारीत वारल्यावर श्रीपाद अमृत डांगे अध्यक्ष आणि नंबुद्रीपाद सरचिटणीस. डांगे गट चीनने आक्रमण केलं असं म्हणायला तयार, दुसऱ्या गटाला हा सीमावाद वाटाघाटीने सोडवण्यासारखा वाटत होता आणि आक्रमण हा शब्द नको होता. आपण आपली म्हणतो आणि ते त्यांची म्हणतात ती जमीन, अशा अर्थाचं नंबुद्रीपादांचं वाक्य तेव्हापासून त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

१ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रीय परिषदेने चिनी आक्रमणाचा निषेध करून सरकारला पाठिंबा दिला. हे पाऊल वाटतं त्यापेक्षा धाडसाचं होतं, कारण जेमतेम आठवड्यापूर्वी, २५ ऑक्टोबरला, अमेरिका आणि रशियातला क्यूबाचा पेच ऐन भरात असताना मॉस्कोच्या 'प्रावदा'ने, म्हणजे सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्राने, चीनच्या प्रस्तावांच्या बाजूने लिहिलं होतं, आणि सूर बदलला तो क्यूबाचं मिटल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे डांगे मॉस्कोच्या सांगण्यावरून बोलले हा आरोप निदान या तारखांना तरी नीट बसत नाही. ठरावानंतर सुंदरय्या, ज्योती बसू आणि सुरजीत सचिवालयातून बाहेर पडले. २६ ऑक्टोबरला आणीबाणी लागू होऊन भारत संरक्षण नियम आले होतेच (ही आणीबाणी उठली थेट जानेवारी १९६८ मध्ये), युद्धबंदीच्या सुमारास देशभर धरपकड झाली, शेकडो लोक आत गेले, त्यात बी. टी. रणदिवे, बसू, सुरजीत होते, आणि बहुतेक दुसऱ्या गटाचेच. पोलिसांनीच गटांची यादी जाहीर केल्यासारखं झालं.

१९६४ ची फूट चीनमुळे झाली का, यावर अभ्यासक भांडतात. एक मत की हो, युद्ध नसतं तर पक्ष टिकला असता. दुसरं मत की काँग्रेसशी जमवून घ्यायचं की तिच्याविरुद्ध उभं राहायचं हा वाद पालघाटच्या १९५६ च्या अधिवेशनापासून होता, एप्रिल १९६१ ला विजयवाड्यात तर पक्ष फुटता फुटता वाचला, आणि मॉस्को-पेकिंग (म्हणजे रशिया आणि चीनच्या पक्षांच्या) भांडणाने त्याला नवी भाषा दिली. तारखा बघता दुसरं मत जास्त टिकाऊ वाटतं, युद्धाने कारण दिलं नाही, मुहूर्त दिला. महाराष्ट्राचा पुरावाही तिकडेच झुकतो. इथला पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवाद्यांबरोबर होता, १९५९ मध्येच चीनवरून समितीत ताण आला, आणि त्या दबावाखाली डांगे आणि राज्य शाखेने पक्षाच्या केंद्राआधी मॅकमहोन रेषेच्या (भारत पूर्वेकडची सीमा मानतो ती) बाजूने भूमिका घेतली असं मानलं जातं. नोव्हेंबर १९५९ च्या मीरतच्या बैठकीत राष्ट्रीय परिषदही त्या रेषेपर्यंत आली.

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या 'करंट' साप्ताहिकाने डांगेंची म्हणून काही जुनी पत्रं छापली, १९२४ ची, तुरुंगातून ब्रिटिश सरकारला लिहिलेली, सुटकेच्या बदल्यात सहकार्य देऊ करणारी. डांगेंनी ती बनावट म्हटली, दुसऱ्या गटाने चौकशी मागितली, आणि ११ एप्रिलला राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण उठून गेले. मार्क्सवादी पक्ष त्यांच्यातून झाला. सभात्यागाच्या दिवशी वाद पत्रांवर होता, चीनवर नाही.

युद्धबंदीनंतर

डिसेंबर १९६२ मध्ये सहा देशांनी भारत-चीन समेटासाठी कोलंबो प्रस्ताव दिले, सरकारने ते जानेवारी १९६३ मध्ये मानायची तयारी दाखवली, कम्युनिस्ट सोडून बहुतेक विरोधक विरुद्ध गेले. मग त्या वर्षीच्या पोटनिवडणुकांत कृपलानी अमरोह्यातून, लोहिया फर्रुखाबादमधून, मसानी राजकोटमधून निवडून आले, दीनदयाळ उपाध्याय जौनपूरला पडले. ऑगस्टमध्ये कृपलानींनी लोकसभेच्या इतिहासातला पहिला अविश्वास ठराव आणला, तो ६२ विरुद्ध ३४७ असा पडला. पराभवाची लष्करी चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी केली, चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ ला संसदेत त्यावर निवेदन केलं, अहवाल मात्र दिला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये इंटरनेटवर आला. तो ना काँग्रेसने जाहीर केला, ना तेव्हाच्या विरोधकांच्या वारसांनी, सत्तेत आल्यावरही.

चिनी वंशाच्या सुमारे ३,००० भारतीय रहिवाशांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं, त्यातल्या काहींना काही वर्षं.